पेन्शनीत निघालेला घोडा

अमेरिकेतल्या मोठ्या वाहतूक कंपन्या ट्रक म्हातारा होण्याची वाट बघत बसत नाहीत. चार-पाच वर्षं आणि साधारण 5 लाख मैल झाले की तो विकायला काढतात. तोवर वॉरंटी संपलेली असते, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर माल उशिरा पोचल्याचा फटका दुरुस्तीच्या बिलापेक्षा मोठा बसतो. इंजिनात मात्र अजून बराच जीव असतो. डेट्रॉइट डिझेलचं सिरीज 60, कमिन्सचं एन-14, कॅटरपिलरचं 3406ई यांच्या दहा लाख मैलांच्या गोष्टी सांगणारे मालक भेटतात, आणि त्या सगळ्याच काही थापा नसतात. कंपनीच्या वहीत संपलेला हा माल वर्षाला आठ-दहा हजार मैल फिरणाऱ्या गृहस्थाला जन्मभर पुरतो.

असे गृहस्थ तिथे बरेच आहेत. कुणाला रेसची गाडी मैदानापर्यंत न्यायची असते, कुणाला जुन्या मोटारी प्रदर्शनाला. कुणी निवृत्त होऊन नऊ-नऊ टनांचं चाकांवरचं घर ओढत देशभर हिंडतं. 1960-70च्या दशकांत यातल्या रेसवाल्यांचं काम फळीच्या ट्रकवर भागायचं. डॉज किंवा शेव्हरोलेच्या एकटनी चासीवर मागे उतार ठोकला की रेसची गाडी वर चढली. पुढे मोटारी जड झाल्या, घरं त्याहून जड झाली आणि पिकअपच्या जाहिरातींत ओढण्याचे आकडे फुगत गेले. या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ओढायला ताकद लागते हे खरं, पण घाटात प्रश्न ओढण्याचा नसतो, थांबण्याचा असतो.

हे क्लेसी कमिन्स यांच्याइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल. आपल्या कोथरूडला 1962 साली ज्यांच्या कंपनीच्या भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, तेच हे कमिन्स. डिझेल इंजिन लांब पल्ल्याला टिकतं हे लोकांना पटवायला 1931च्या उन्हाळ्यात ते स्वतः ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले. कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचा रूळ रस्ता ओलांडत होता आणि रुळावरून मालगाडी चालली होती. गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात सुटला. हा प्रसंग त्यांच्या मनातून कधी गेला नाही. कंपनीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या साठीनंतर, त्यांनी इंजिनालाच ब्रेक करायची युक्ती बसवली. सिलिंडरमध्ये हवा पुरती दाबली गेली की ऐन क्षणी एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडायचा. दाबलेली हवा निसटते, पिस्टनला परत ढकलत नाही आणि इंजिन गाडीला मागे खेचणारा कॉम्प्रेसर होऊन बसतं. ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्ज कंपनीने 1961 साली हा ब्रेक बाजारात आणला. उतारावर ट्रक जो फटफट आवाज काढतात तो याचाच. अमेरिकेतल्या अनेक गावांच्या वेशीवर त्याला बंदी असल्याच्या पाट्या आहेत.

नुसता घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा भाग, सात-आठ टनांचा असतो. हवेचे ब्रेक, हा इंजिन ब्रेक आणि हे वजन, एवढ्यासाठी लोक पिकअप सोडून त्याच्याकडे वळतात. जुना घोडा नव्या मोठ्या पिकअपच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतो. पण नुसता त्या फरकावर भाळून कुणी या वाटेला जाऊ नये. ऑइल बदलायचं म्हटलं की 40 लिटरच्या आसपास ओतावं लागतं.

वर्कशॉपमध्ये पहिलं काम काढून टाकण्याचं. अशा ट्रकला मागे दोन चालते एक्सल असतात. 36 टन ओढायला ते हवेत, नऊ-दहा टनांना एक पुरतो. पुढच्या एक्सलमध्ये दोघांत ताकद वाटणारा डिफरन्शियल असतो, त्यामुळे बहुतेक जण तोच काढतात, मागचा ठेवतात आणि प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून घेतात. चार टायर कमी, जवळपास टनभर वजन कमी, आणि जिथे टोल एक्सल मोजून घेतात तिथे तोही कमी. लांब राहिलेल्या चासीवर केबिनमागे मोटार ठेवायला फलाट बसतो. इथे हौशी वेल्डर चूक करतात. चासीचे पट्टे उष्णोपचार केलेल्या पोलादाचे असतात. त्यांच्या वरच्या-खालच्या कडांना भोक पाडायचं नाही की वेल्डिंग करायचं नाही. नटबोल्ट घ्यायचे ते उभ्या बाजूवर. फलाट देखणा आणि कडेला तडा, अशी चासी घाटात दगा देते.

खरी चिकाटी लागते ती जोडणीला. घोड्याच्या डॅशबोर्डवर दोन बटणं असतात. पिवळं चौकोनी ओढलं की हॅण्डब्रेक लागतो, लाल अष्टकोनी ट्रेलरला हवा देतं. घरगुती ट्रेलरला हवेचं कामच नाही, त्याचे ब्रेक विजेवर चालतात. त्यामुळे लाल बटण बिनकामाचं होतं आणि पेडलखालचा हवेचा दाब मोजून तेवढी वीज मागे पाठवणारा कंट्रोलर बसवावा लागतो. दिव्यांचंही तसंच. घोडा ब्रेकचा आणि वळणाचा इशारा वेगवेगळ्या तारांनी पाठवतो, घरगुती ट्रेलर बहुधा दोन्ही एकाच बल्बवर दाखवतो. मध्ये कन्व्हर्टर नसेल तर मागच्याला काहीच उमगत नाही. शिवाय माल ओढायची कडक प्लेट घराच्या नाजूक सांगाड्याला हादरे देते, म्हणून हवेच्या फुग्यांवर तरंगणारी वेगळी कडी घेतात.

एवढं झालं की कागद. संघीय कायद्यात 26,001 पौंडांपासून, म्हणजे 11.8 टनांपासून, धंद्याच्या गाडीला व्यावसायिक परवाना लागतो. खासगी वापर त्यातून सुटू शकतो, पण राज्याराज्यांत नियम निराळे. कॅलिफोर्नियात 15,000 पौंडांवरचं असं घर ओढायला बिगरव्यावसायिक ‘अ’ वर्गाचा परवाना हवा. म्हणून बरेच मालक गाडी ‘मोटरहोम’ म्हणून नोंदवून घेतात. संघीय व्याख्येत सहा सोयी दिल्या आहेत: स्वयंपाक, फ्रीज, शौचालय, गरम-थंड हवा, नळ आणि सिंकसह पिण्याचं पाणी, स्वतंत्र वीज किंवा गॅस. सहापैकी किमान चार असल्या की ती गाडी घर ठरते. अनेक राज्यांची मोजणीही याच धर्तीची. मग ड्रायव्हरच्या झोपायच्या कप्प्यात मायक्रोवेव्ह, छोटा फ्रीज आणि कोपऱ्यात एक शौचालय बसतं. मागच्या ट्रेलरमध्ये अख्खं न्हाणीघर असताना ते कुणी वापरत असेल असं मला वाटत नाही.

रेसवाल्यांना आणखी एक गोम सांभाळावी लागते. बक्षिसाची रक्कम साधं उत्पन्न म्हणून दाखवली, खर्च धंद्यात वजा केला नाही आणि कंपनीचं प्रायोजकत्व नसलं, तर संघीय वाहतूक खातं प्रवास खासगी मानतं. दारावर तेलकंपनीचा मोठा स्टिकर दिमाखात लावणारा उद्या वजनकाट्यावर उत्तरं देत बसतो.

केबिनमागच्या फलाटावर वर्षानुवर्षं लाडकी राहिली ती स्मार्ट फोरटू, कारण ती आडवी मावते. निदान मावते असं सगळे म्हणतात. 2008पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या स्मार्टची लांबी 2.69 मीटर आणि हमरस्त्यावर गाडीला मुभा असलेली रुंदी 102 इंच, म्हणजे 2.59 मीटर. दहा सेंटिमीटर बाहेर. कुणी सरळ बाहेर राहू देतं, कुणी वाद नको म्हणून फलाट लांब करून उभी चढवतं. 2019नंतर स्मार्ट अमेरिकेत नवी मिळेनाशी झाली, त्यामुळे हल्ली उभ्या फलाटाकडेच ओढा आहे.

आपल्याकडे हे पहिल्याच पायरीवर अडेल. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. एक्सल काढलेला ट्रक घेऊन कुणी आरटीओत गेलं तर चहा मिळेल, पासिंग नाही.

जुना घोडा घेताना अमेरिकेतले जाणते आधी इंजिनाचं साल विचारतात. 2007पासून काजळी अडवणारा फिल्टर आला, 2010पासून युरियाची टाकी, आणि कमी चालणाऱ्या गाडीत फिल्टर तुंबण्याचा त्रास जास्त. म्हणून 2007च्या आधीच्या इंजिनांना आजही मागणी आहे. त्यानंतर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायचे: 3419 म्हणजे 2019चा 34वा आठवडा. हौशी माणसाचे टायर झिजून जात नाहीत, उभ्याउभ्या वाळून चिरतात, आणि नक्षी नव्यासारखी दिसत असल्याने लोक फसतात.

विकायची वेळ आली की गिऱ्हाईक एकाच जातीचं. दोन एक्सलांच्या जोडीवर 34,000 पौंड भार चालतो, एकट्यावर 20,000. त्यामुळे मालवाहू कंपनीला हा घोडा परत नको असतो. तो दुसऱ्या हौशी माणसाकडेच जातो, आणि तो आधी मोटरहोमचा कागद बघायला मागतो.