इन्स्टॉलर बांधताना (भाग ७) : यादीत पहिली कोण?

गेल्या आठवड्यात आपण प्रोग्रॅमच्या सगळ्या फायली एका सेटअपमध्ये बांधल्या. डबल क्लिक केल्यावर हा सेटअप कोणत्या भाषेत तोंड उघडतो, एवढाच आजचा प्रश्न. नेहमीप्रमाणे इनो सेटअपपुरतंच बोलू. जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये आणलेलं हे साधन आजही विंडोजवाल्यांच्या नित्याच्या वापरात आहे.

इनोच्या स्क्रिप्टमध्ये 'लँग्वेजेस' नावाचा विभाग असतो. त्यात भाषा आणि त्यांच्या संदेशांच्या फायली एकाखाली एक लिहायच्या. 'डीफॉल्ट भाषा अमुक' असं सांगणारी वेगळी ओळ शोधत बसू नका, ती नाहीच. सुरू होताना सेटअप विंडोजला तिची भाषा विचारतो आणि उत्तरादाखल त्याला एक आकडा मिळतो. मराठीचा ११०२, हिंदीचा १०८१, कोकणीचा ११११, अमेरिकी इंग्रजीचा १०३३. तोच आकडा यादीत सापडला तर ती भाषा. नाही सापडला तर पोटभेद सोडून मूळ भाषा जुळते का ते बघायचं. भारतीय इंग्रजीचा आकडा १६३९३, पण अमेरिकी इंग्रजीवर तिचं भागतं. तेही जमलं नाही, तर यादीतली पहिली भाषा.

म्हणजे पहिला मान मिळालेली भाषा खरं तर कुणाशीच न जुळलेल्यांच्या वाट्याला येते. मराठीच्या प्रेमापोटी तुम्ही मराठी वर नेलीत आणि खाली फक्त इंग्रजी ठेवलीत, तर तमिळ विंडोज वापरणाऱ्यापुढे थेट मराठी उभी राहील. कोकणीवाल्यापुढेही तीच येईल, पण योगायोगानं. लिपी एक म्हणून आपल्याला वाटणारी सोयरीक या आकड्यांच्या गावी नाही.

आणि मराठी माणसाला तरी मराठी मिळते का? बहुतेकदा नाही! त्याचं विंडोज दुकानातून आलं तसं इंग्रजीतच असतं. सेटअप विचारतो मेनूंची भाषा, विंडोज म्हणते इंग्रजी, इंग्रजी यादीत असतेच, जुळणी झाली. मेनूंऐवजी तारीख-चलनाच्या प्रादेशिक सेटिंगवरून भाषा ओळखण्याची सोयही इनोत आहे, पण तिथे सहसा 'इंग्रजी (भारत)' असतं, त्यामुळे गाडी फिरून इंग्रजीवरच येते. महिनाभर खपून केलेलं भाषांतर सेटअपच्या पोटात झोपून राहतं. ही चूक मी स्वतः केली आहे. कळली तीही एका मित्रानं 'मराठी कुठंय रे?' असं विचारल्यावर.

घोळ 'शो लँग्वेज डायलॉग' या ओळीत होता. मी तिथे 'ऑटो' लिहिलं होतं. ऑटोचा अर्थ असा की भाषा जुळली नाही तरच विचार. इंग्रजी जुळल्यामुळे विचारण्याची वेळच आली नाही. तिथे 'येस' हवं, आणि खरं तर इनोचं मूळ सेटिंग तेच असतं; मीच शहाणपणा करून बदललं होतं. एक खिडकी जास्त दिसते म्हणून नाक मुरडणारे असतात, पण आपल्याकडे ती खिडकी हवीच असं माझं ठाम मत आहे. तिथलं नाव मात्र 'मराठी' असं देवनागरीतच दिसू द्या. २०१९ च्या सहाव्या आवृत्तीपासून इनो फक्त युनिकोडमध्येच येतो, त्यामुळे अक्षरांची प्रश्नचिन्हं होण्याची भीती उरलेली नाही.

शाळेच्या लॅबमध्ये वीस यंत्रांवर तोच प्रोग्रॅम बसवायचा असेल, तर कमांड लाइनवर 'लँग'चा पर्याय देऊन भाषा आधीच सांगता येते. मग खिडकी येत नाही. घरच्या माणसालाही पुढच्या वेळी भाषा शोधावी लागत नाही. प्रोग्रॅम आधीपासून बसवलेला असेल तर गेल्या खेपेची भाषा इनो आपणहून पुढे करतो. ही ओळख तो 'ॲप आयडी'वरून पटवतो. नव्या आवृत्तीत तो आयडी बदललात, तर सेटअपच्या लेखी जुनं काही बसवलेलंच नसतं आणि खिडकीत पुन्हा इंग्रजी निवडलेली दिसते.