मोठी गाडी हळू का दिसते?

रेल्वे फाटकावर अपघात झाला की ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं लगेच छापून येतं. बूमखालून दुचाकी वाकवून काढणारे महाभाग आहेतच. पण गाडी येताना स्पष्ट दिसते आहे, आणि तरीही ‘लांब आहे अजून’ म्हणून कुणी ट्रॅक्टर पुढे घालतो, त्याचं काय? त्याने पाहिलेलं असतं. फसवतात ते डोळे.

अवाढव्य विमान उतरताना छोट्या विमानापेक्षा संथ वाटतं, प्रत्यक्षात ते जास्त वेगात असलं तरी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ मध्ये हाच भ्रम रेल्वे फाटकाला लागू केला. पुढे २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या संशोधकांनी पडद्यावर मोटार आणि रेल्वे दाखवून तो तपासला. वेग सारखाच असूनही पाहणाऱ्यांना रेल्वे हळू वाटली.

त्यात रुळाशी उभ्या माणसाला गाडी जवळजवळ समोरून दिसते. ती बाजूला सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. ताशी १०० किलोमीटरने येणारं तीन मीटर रुंद इंजिन एक किलोमीटरवर पूर्ण चंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं दिसतं. पुढच्या १८ सेकंदांत ती निम्मं अंतर कापते, तरी इंजिन चंद्राहून लहानच! अडीचशे मीटरवर येते तेव्हा ते चंद्राच्या सव्वापट झालेलं असतं, आणि हातात उरतात नऊ सेकंद. भरलेली ट्रॉली रुळांवर अडकली तर नऊ सेकंदांत काय होणार? लोको पायलटने ब्रेक दाबले तरी पोलादी चाक पोलादी रुळावर रबरी टायरसारखं पकड घेत नाही.

मुंबईत वडाळ्याजवळ रूळ ओलांडणाऱ्यांसाठी ‘फायनल माइल’ या संस्थेने २०१०च्या सुमारास एक झकास युक्ती केली होती. ठरावीक अंतराने स्लीपर पिवळे रंगवले. गाडी ते पट्टे एकेक करून गिळत येते, तेव्हा डोळ्याला वेगाचं माप मिळतं. एका लांबलचक हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न सुचवले. मधली शांतता कान टवकारायला लावते.

तरी भरवसा डोळ्यांवर ठेवूच नये, हे रेल्वेलाही पटलं आहे. ब्रॉडगेजवरची विनाचौकीदार फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली. पण चौकीदार असला म्हणजे झालं, असंही नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेची व्हॅन गाडीखाली आली, तिथे गेटमन होता, इंटरलॉकिंग नव्हतं. इंटरलॉकिंगमध्ये बूम खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. मग चूक माणसाची असो वा नजरेची, गाडी अलीकडेच थांबते.

याची किंमत मुंबई लोकलच्या मार्गावरच्या दिवा स्थानकातल्या प्रवाशांना विचारा. वाहनांच्या रांगेमुळे फाटक बंद होत नाही, सिग्नल लाल, लोकल उभी. शिव्या मोटरमनला. खरा उपाय म्हणजे फाटकच नको. रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्येच सांगितलं होतं की सगळीच फाटकं, चौकीदार असलेलीसुद्धा, पाच वर्षांत काढून टाका आणि पूल बांधा.