खोटे एक लाख, खरा टीडीएस: पोफळीत बनवलेला क्रिप्टोचा गेम

ज्यांनी हा भाग ऐकला त्यांना मागे धो धो पाऊस ऐकू आला असेल. गणपतीला ताईकडे पोफळीला गेलो होतो, तिथेच पडवीत बसून रेकॉर्ड केलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चिपळूण तालुक्यातली पोफळी म्हणजे कोयनेचं भूमिगत वीजघर. घाटावरचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली येतं आणि १९६२ पासून इथे वीज बनते. एवढं असून आरतीच्या वेळी लाईट गेलेच, ते सोडा.

तर विषय असा. माझा भाचा, वय १९. लोट्याच्या एमआयडीसीत सहा महिने काम करून त्याने ४०,००० रुपये साठवलेत. मोदक खाता खाता म्हणाला, "मामा, सगळे क्रिप्टोत टाकतोय. टेलिग्रामवर एक ग्रुप आहे, रोज टिप्स देतात." ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी ओरडलो असतो तर त्याने रात्री गुपचूप टाकले असते. म्हणून म्हटलं, "टाक, पण आधी माझ्याबरोबर चार दिवस खोट्या पैशाने खेळ. गेम आपणच बनवू."

आता बनवायचा कसा? लॅपटॉप नव्हता. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ओपन सोर्स ॲप मिळतं, ते एफ-ड्रॉइडवरून घेतलं. त्यात पायथन टाकला, वर फ्लास्क. फ्लास्क म्हणजे छोटी वेबसाइट चालवायचं सामान. हिशेब ठेवायला एसक्यूलाइट, ते पायथनबरोबरच येतं. भाव कॉइनगेकोच्या मोफत एपीआयवरून, थेट रुपयांत. फक्त सारखं सारखं विचारलंत तर तो थोडा वेळ दार बंद करतो, म्हणून मिनिटातून एकदाच विचारायचं. माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, घरातल्या सगळ्यांनी आपापल्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, झाला गेम सुरू. प्रत्येकाला खोटे १,००,००० रुपये.

एक चूक पहिल्याच तासात सापडली. पैसे दशांशात ठेवले होते आणि खरेदी-विक्रीनंतर शिल्लक कुठेतरी पैशाच्या शंभराव्या भागाने चुकत होती. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी जमत नाही, हे शिकलेलं असूनही विसरलो. मग सगळं पूर्णांकात केलं: रुपयांऐवजी पैसे, बिटकॉइनऐवजी सातोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. पोरगा एका संध्याकाळीत साडेतीन हजार पुढे! मला वाटलं, डोकं आहे पोरात. मग कळलं काय ते. पावसात माझ्या फोनची रेंज जायची, आणि गेम दहा-पंधरा मिनिटांपूर्वीचा भाव दाखवत बसायचा. हा भावोजींचा फोन घेऊन अंगणात जायचा, दुसऱ्या सिमवर ताजा भाव बघायचा, आणि चढला असेल तर आत येऊन जुन्या भावाने घ्यायचा. मी रागावलो नाही, उलट पाठ थोपटली. कारण खऱ्या बाजारात हेच होतं, फक्त उलट्या बाजूने. तिथे ताजा भाव दुसऱ्याकडे असतो आणि शिळा आपल्याकडे. एपीआयकडून भावाबरोबर तो कधीचा आहे ती वेळही मागता येते. ती तपासून नियम घातला: भाव एका मिनिटापेक्षा जुना असेल तर सौदा नाही.

तरीही गेम खोटंच बोलत होता. नेटवर असे शेकडो गेम मिळतील, त्यातल्या बहुतेकांत घेणं फुकट, विकणं फुकट, कर शून्य. अशा गेममध्ये चार दिवस जिंकलेला माणूस पाचव्या दिवशी खरे पैसे घेऊन जातो आणि म्हणतो, अरे, हे तर वेगळंच आहे.

म्हणून भारतातले नियम घातले. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टो विकताना एक टक्का टीडीएस कापला जातो. नफा झाला की तोटा, हे तो बघत नाही. आम्ही तो प्रत्येक विक्रीला कापला, आणि एक्सचेंजची फी म्हणून घेताना ०.२ टक्के, विकताना ०.२ टक्के धरले. मग भाच्याला म्हटलं, समज भाव अजिबात हललाच नाही, आणि तू वीस वेळा घेतलंस-विकलंस. हातात किती उरतील? तो म्हणाला, "पंच्याण्णव हजार?" गेमने दाखवले साधारण ७५,५०० रुपये. यातला टीडीएस रिटर्न भरल्यावर हिशेबात परत धरता येतो, बुडत नाही. पण तोवर खेळायला तो हातात नसतो. आणि टिप्सवाला ग्रुप तर दिवसातून तीन टिपा देतो.

याच्यावर दुसरा नियम, १ एप्रिल २०२२ पासूनचा: नफ्यावर सरळ ३० टक्के कर. आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे बघा, एकात २०,००० कमावले, दुसऱ्यात २०,००० घालवले. तुम्ही म्हणाल बरोबरी झाली. कर भरायचा ६,०००, वर सेस धरून ६,२४०. हे गेमच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं तेव्हा भाचा पहिल्यांदा गप्प बसला. "हे ग्रुपवर कोणी सांगितलंच नाही," म्हणाला.

शेवटची गोष्ट घातली तिला आम्ही 'शटर' म्हणतो. गेम कधीही, न सांगता, एक्सचेंज बंद करतो. शिल्लक दिसते, काढता येत नाही. यावर भाचा भांडला, "हे चीटिंग आहे मामा!" मी त्याला वझीरएक्सची गोष्ट सांगितली. १८ जुलै २०२४ ला तिथून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. वर्ष उलटून गेलं तरी लोकांना आपले कॉइन काढता येत नव्हते. त्यांनी भावाचा अंदाज बरोबर बांधला होता की चूक, याने काय फरक पडला? मग शटर राहिलं.

आणि हो, तयार गेम उतरवून घेणार असाल तर एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. खोट्या पैशाच्या गेमला तुमच्या खऱ्या एक्सचेंजची की लागत नाही, वॉलेटचे बारा शब्द तर मुळीच लागत नाहीत. मागितले की फोनवरून काढून टाका. ओपन सोर्स म्हणजे कोड उघडा आहे, तो कोणीतरी वाचलाय असं नाही. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी फ्रीकट्रेड बघा. पायथनमधला ओपन सोर्स बॉट आहे, त्यात 'ड्राय रन' नावाची सोय आहे, म्हणजे ताजे भाव आणि खोटे पैसे. पण टीडीएस तुम्हालाच घालावा लागेल, तो बनवणाऱ्यांना आपलं आयकर खातं माहीत नाही.

चार दिवसांनी निकाल काय? पहिली आली ताई. तिने पहिल्या दिवशी एकदा घेतलं आणि नंतर मोदकांच्या गडबडीत विसरून गेली. त्या आठवड्यात भाव थोडा चढला, हे तिचं नशीब, उतरलाही असता. भाचा सगळ्यात शेवटी, ८१,००० वर, चौतीस सौदे करून.

त्याने क्रिप्टोचा नाद सोडलाय असं समजू नका. निघताना म्हणाला, दिवाळीनंतर पाच हजारांनी सुरू करणार, चाळीसने नाही. बाकीचे त्याने पोस्टात ठेवलेत, पासबुकाचा फोटोही पाठवला. तोवर गेम चालू आहे. कालच मेसेज आला: "मामा, शटर कधी पडणार ते कोडमध्ये शोधलं, आता ते बदल." बदलावं लागणार. फाइल त्याच्याच फोनमध्ये आहे ना.