अंगठा आणि आकडा

बँकेचे व्यवहार हा आम्हां चळवळीतल्या माणसांचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण 2017 साली वेतन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराच्या लेखी संमतीवाचूनही पगार बँकेत भरण्याची मुभा मालकांना मिळाली. आज तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची महिन्याची कमाई खिशात नसून मोबाइलच्या आड असते. तेव्हा तिची राखण हा संघटनेचाच प्रश्न झाला.

वाचल्याशिवाय कागदावर अंगठा उठवू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. ओटीपी हा आजचा अंगठा होय. तो आकडा सांगणे म्हणजे 'माझ्या खात्यातून पैसे द्यावेत' या मजकुराखाली सही करणे. तो मागणारा बँकेचा माणूस नव्हेच, हे पक्के समजावे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नव्हे. 'पैसे जमा करतो, पिन टाका' असे कोणी म्हणाला की तेथेच पाणी मुरते. बोईसरमध्ये कार्ड आणि पिन दोन्ही मुकादमाच्या स्वाधीन करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. हा तर कोऱ्या कागदावरचा अंगठा!

लबाडाचे खरे हत्यार घाई हे आहे. 'आज रात्री खाते बंद होईल' असा निरोप पाळीवर निघालेल्या माणसाला येतो आणि तो गडबडतो. अशा निरोपातल्या दुव्यावर बोट ठेवू नये, त्यातून आलेले ॲप उतरवून घेऊ नये. बँकेचा पत्ता स्वतः लिहावा. रिझर्व्ह बँकेने 2025 साली बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट असलेले पत्ते घ्यावयास लावले; तो शेवट आधी पाहावा. शंका राहिली तर पालघरच्या वा बोईसरच्या आपल्या शाखेत जाऊन विचारावे.

इतके करूनही पैसे गेले तर? 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा वेळी, बँकेची सूचना आल्यावर कामाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकाने काहीच नुकसान सोसावयाचे नाही. ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, पुढचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला गेला.

म्हणून फसलेल्याने लाजेने गप्प बसू नये. तत्काळ बँकेला कळवावे, 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. हक्क कागदावर असतो. तो वेळेवर मागणाऱ्याच्याच पदरात पडतो.