शेंगदाणा, श्वासनलिका आणि आईची कैफियत

बालकांच्या कान-नाक-घसा शस्त्रक्रियेचा आढावा घ्यावा, अशी संपादकांची आज्ञा झाली खरी. परंतु टॉन्सिलविषयी वाचकांस मी नवे ते काय सांगणार? एके काळी टॉन्सिल दिसले की काढले जात, पुढे न काढण्याची लाट आली, आता मुलाचे घोरणे आणि झोपेत अडखळणारा श्वास पाहून निर्णय होतो. कॉक्लिअर इम्प्लांट मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्यांनी इकडे रुजविले, त्यांना २०१४ साली पद्मश्रीही मिळाली, आणि वर्तमानपत्रांनी त्या विद्येची थोरवी यथेच्छ गायिली आहे. माझा जीव मात्र जन्मभर अडकला तो मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या शेंगदाण्यात.

१८९७ साली जर्मनीत गुस्ताव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा नळीवाटे बाहेर काढला, आणि त्याच साली आमच्या बार्शीला लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आली; हा योगायोग ऐकून ऐकून माझे स्नेही विटले आहेत.

सुगीच्या दिवसांत दोन वर्षांचे पोर, ज्याला अद्याप पुरत्या दाढाही फुटलेल्या नाहीत, मूठभर दाणे तोंडात कोंबून धावते, हसते, आणि ठसका लागून काळेनिळे पडते; मग सारे शांत होते आणि घरचे 'सुटलो' म्हणतात. फसगत होते ती येथेच. डावीहून रुंद आणि सरळ उतरणाऱ्या उजव्या श्वासवाहिनीत दाणा बहुधा जाऊन बसतो, त्याच्या तेलाने आतील त्वचा सुजते, आठवड्याने ताप-खोकला येतो आणि न्यूमोनियाचे औषध सुरू होते. एक्स-रेत दाणा उमटत नाही. पुष्कळदा तर चित्र निर्दोषच निघते. परिषदांतून आमचे काही विद्वान प्रत्येक वेळी आधी स्कॅनचा दाखला मागतात. माझे म्हणणे एवढेच, की आईने ठसक्याची कैफियत दिली असेल, तर ती यंत्राच्या साक्षीहून वरचढ मानावी आणि दुर्बीण घालण्याची तजवीज करावी.

त्या दुर्बिणीची नळी एकच. तिच्यातूनच भूलतज्ज्ञाने श्वास पुरवायचा आणि तिच्यातूनच शल्यकाने चिमटा न्यायचा. चिमटा घट्ट आवळला तर दाण्याचे तुकडे होतात, सैल धरला तर तो नेमका स्वरयंत्राशी निसटतो. आणि तेथे अडून श्वासच कोंडला, तर वर ओढण्याचा हट्ट सोडून तो पुन्हा एका बाजूच्या वाहिनीत खाली लोटावा, म्हणजे दुसरे फुप्फुस तरी चालते. हे शिकण्यास वर्षे लागतात, नाव मिळत नाही आणि पैसा त्याहून कमी; म्हणून तालुक्याच्या गावी हा हात आता दुर्मीळ झाला आहे आणि बार्शीचे पोर सुमारे ७० किलोमीटरवर सोलापूरला धाडले जाते. शेंगदाणा एखादे वेळी तेवढी सवड देतो. खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच ती आतून जाळू लागते, आणि आमच्याकडे चिठ्ठी, गाडी व भरतीचे कागद यांतच तेवढा वेळ सरतो.