पोर्शे वळणांवर, रात्री साडेदहाला

जेवणं आटोपली की मी टेबलाला स्टीअरिंग घट्ट आवळतो आणि ल मान्सला पोहोचतो. फ्रान्समधला तो १३.६२६ किलोमीटरचा ट्रॅक माझ्या सिम्युलेटरमध्ये आहे. गाडी पोर्शे ९६३. हिला प्रोटोटाइप म्हणतात; रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीवर बेतलेली नाही, निव्वळ शर्यतीसाठी घडवलेली.

तिचं सारं मर्म हवेत आहे. वेग दुप्पट झाला की गाडीला रस्त्यावर दाबून धरणारं हवेचं बळ चौपट होतं. म्हणून ट्रॅकवरच्या ‘पोर्शे’ नावाच्या वळणांवर ती भरवेगात रस्त्याला चिकटून राहते आणि आर्नाजच्या मंद वळणावर मात्र हलकी पडते. ब्रेकचंही तेच. सुरुवातीला पेडल पूर्ण जोराने दाबायचं, मग वेग उतरेल तसा पाय सैल करत जायचं. दाब तसाच ठेवला तर चाकं जाम होतात. हे पायात भिनायला मला कित्येक आठवडे लागले.

सेटअप करताना आधी मागचा पंख बघतो. पंख सपाट केला तर मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर वेग वाढतो, पण वळणात मागची बाजू निसटते. मी कोन थोडा जास्तच ठेवतो. इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत भरवशाची गाडी मला जास्त मोलाची वाटते. एका वेळी एकच बदल, पाच फेऱ्या, मग वहीत नोंद.

काल ब्रेकचा भार थोडा पुढच्या चाकांकडे सरकवला. आर्नाजला मागची बाजू जराही हलली नाही.