कॅप्सूल दुधाबरोबर नको

सप्टेंबर 1994. सुरतेत प्लेगची बातमी पसरली, लाखो लोकांनी शहर सोडलं आणि दुकानांतून टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल दिसेनाशा झाल्या. इतक्या धडपडीने मिळवलेली ती कॅप्सूल दुधाबरोबर घेतली, तर निम्मं औषध वाया जाऊ शकतं. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनच्या रेणूला घट्ट धरून बसतं. ही जोडगोळी आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही, शौचावाटे निघून जाते. लोहाच्या गोळ्या आणि अँटासिडमधलं मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियमही हेच करतात.

दक्षिण गुजरातेत पावसाळा आला की लेप्टोस्पायरोसिस या आजाराची धास्ती असते. शेतातल्या चिखलपाण्यात राबणाऱ्यांना त्यासाठी याच कुळातलं डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. दुधाचा अडथळा त्याला कमी होतो, लोह आणि अँटासिडचा मात्र चांगलाच. नेमकी याच गोळीने जळजळ होते, म्हणून वर गुलाबी अँटासिड प्यायचा मोह होतो. तो टाळाच. जळजळीवर साधा उपाय आहे: जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये.

सुरतेतल्या लिंबायत-उधन्यातल्या आपल्या खानदेशी मंडळींना कळकळीची विनंती: ही औषधं घेताना घरात चालू असलेली लोहाची, कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि ती गोळी आणि हे औषध यांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.